अक्कांचं 'नोडोण'

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोनेक वर्षं आधी मी पुण्याहून धारवाडला आले. थोरला भाऊ तिथं मास्तर होता. मी नुकतीच नर्स झाले होते आणि तिथल्या बायकांच्या दवाखान्यात मला जागा मिळाली. वर एक इंग्रज डॉक्टरीणबाई आणि तिच्या हाताखाली गदगकडच्या एक वयस्क नर्स. त्यांना सगळा दवाखाना अक्का म्हणायचा.

अक्का मराठी चांगलं बोलायच्या. मलाच हौस, कधी एकदा कन्नड बोलते! भावाच्या दारी येणाऱ्या भाजीवालीकडून मी चार वाक्यं उचलली होती. एका सकाळी अक्कांनी पाणी नीट उकळण्याआधीच कात्री बाहेर काढली. वॉर्डाच्या मधोमध उभी राहून मी म्हणाले, "अक्का, नी तप्प माडिदी!" म्हणजे, तू चुकलीस.

अक्कांनी कात्री परत पातेल्यात टाकली. "हौद री," एवढंच म्हणाल्या. खरं आहे, बाई. मला आपलं कर्तव्य केल्यासारखं वाटलं. पुण्याला आम्हाला तेच शिकवलं होतं, दिसलं की बोलायचं.

त्या दिवसापासून अक्का मला 'अहोजाहो' करू लागल्या. खेड्यांतून बाळंतपणाचं बोलावणं आलं की टांग्यातून किंवा बैलगाडीतून त्याच जायच्या. मी म्हणायचे, "मलाही न्या ना." त्या म्हणायच्या, "नोडोण." पाहू या. मी पिशवी भरून तयार बसायचे आणि अक्का एकट्याच निघून जायच्या. असं चारदा झालं. तोंडावर गोड बोलतात आणि मागे फसवतात, असं माझ्या मनानं घेतलं.

त्यातच एका अडलेल्या बाईपाशी मी सकाळपासून दुपार टळेपर्यंत बसून होते. बाई आणि मूल दोघं सुखरूप सुटली. डॉक्टरीणबाईंनी दोघांना तपासलं, माझ्याकडे पाहिलं, "नॉट बॅड" म्हणाल्या आणि चालू लागल्या. वाईट नाही! एवढं करून आपण जेमतेम पास, असं वाटून माझे डोळेच भरून आले. इथं कुणालाच मी नको आहे, मग राहायचं कशाला? घरी येऊन मी राजीनामा लिहिला. भाऊ म्हणाला, "आधी त्या अक्कांना विचार तरी."

दुसऱ्या दिवशी अक्का बँडेजं गुंडाळत बसल्या होत्या. मी कागद त्यांच्यापुढं ठेवला.

"अक्का, माझं काय चुकतंय ते सांगा. मी जाते."

त्यांनी कागद वाचला आणि घाबरूनच गेल्या. "जातीस? अगं, कुणी सांगितलं जा म्हणून?"

"डॉक्टरीणबाई नुसतं 'नॉट बॅड' म्हणाल्या."

हसता हसता अक्कांच्या मांडीवरची बँडेजं खाली पडली. "मला सतरा वर्षांत दोनदा म्हणाली की ती तसं! याच्यावर तिच्याकडं शब्दच नाही."

मग मी पाण्याची गोष्ट काढली. त्या गंभीर झाल्या. "चूक माझीच होती. पाणी उकळलंच नव्हतं. पण सगळ्या बायका ऐकत होत्या, आणि तू मला 'नी' म्हणालीस. 'नीव' म्हणायचं असतं मोठ्यांना. मला वाटलं, पुण्याची शिकलेली, मुद्दाम म्हणते."

मी शरमेनं अर्धी झाले. 'नीव' हा शब्द भाजीवालीशी बोलताना कधी लागलाच नव्हता.

"आणि ते 'नोडोण'?"

"नोडोण म्हणजे नको," अक्का म्हणाल्या. "तोंडावर नको कसं म्हणू? मला वाटलं तुला कळलं. खेड्यात तू बाळंतिणीच्या सासूला 'तुम्ही चुकलात' म्हणालीस, तर पुढच्या खेपेला बोलावतील का आपल्याला?"

राजीनामा मी तिथंच फाडला. छातीवरचं केवढं ओझं उतरलं! गेले सहा महिने मी कुणाच्याही मनात नसलेला राग सोसत होते. आणि जो खरा होता, तो एका शब्दाचा होता.

त्याच आठवड्यात अळणावर गावाच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या घरी त्या मला घेऊन गेल्या. मूल झालं. सासूबाई नाळेवर लावायला चुलीतली राख घेऊन आल्या. माझ्या ओठांवर आलेलं मी गिळलं. अक्का म्हणाल्या, "अज्जी, तुमच्या हातानं किती लेकरं जगली! राख राहू द्या जवळ. हे सरकारी फडकं आलंय, आधी हे बांधून बघू या का?"

म्हातारी खूश झाली. तिनंच फडकं बांधायला बाळ धरलं, आणि राखेची वाटी कोपऱ्यात तशीच राहिली. नंतर तिनं आम्हा दोघींना जोंधळ्याची गरम भाकरी आणि एण्णेगाई, म्हणजे भरली वांगी, वाढली. "कशी झालीय?" तिनं मला विचारलं.

"नीव फार छान केलीय," मी अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोलले. म्हातारीनं आणखी एक भाकरी पानात टाकली.