झोंबणारं पाणी

"रिपोर्ट द्या की ताई. टाके काडून आठ दिस झाले."

काउंटरवर इब्राहिमचाचा उभे होते. कोरेगावला गाद्या भरतात. मागं बाकावर त्यांची सून शबाना. तिच्या स्तनातली गाठ तिकडच्याच एका छोट्या दवाखान्यात काढली होती. टाके काढताना डॉक्टरांनी रिपोर्टसाठी चिठ्ठीवर आमच्या साताऱ्याच्या लॅबचं नाव लिहून दिलं. मी तिथं टेक्निशियन आहे.

रजिस्टर दोनदा पाहिलं. शबानाच्या नावाची एंट्री नव्हती.

"चाचा, सँपल कधी दिलंत?"

"कसलं सँपल?"

"काढलेली गाठ. बाटलीत घालून दिली असेल ना?"

"ती व्हय? ती दफन केली."

मला हसू फुटलं. त्याची लाज अजून वाटते.

झालं होतं ते असं. ऑपरेशननंतर नर्सनं चाचांच्या हातात बाटली दिली, "हे घेऊन जा" म्हणाली आणि आत गेली. कुठं न्यायचं, कशाला न्यायचं, एक शब्द नाही. अंगाचा तुकडा उकिरड्यावर टाकायचा नाही, मातीत ठेवायचा, ही त्यांच्यातली रीत. चाचांनी गाठ धुतली, पांढऱ्या कापडात गुंडाळली आणि कबरस्तानच्या कडेला पुरली.

"माज्या आदी माजी गाठ जाऊन बसली," शबाना बाकावरून म्हणाली. "एस्टीत रुमाल टाकून जागा धरत्यात, तसं."

"गप गं," चाचा म्हणाले. मग मला, "उकरून आणू का? जागा ध्यानात हाय."

गाठ कशाला हवी होती ते मी त्यांना सांगितलं. तेव्हापर्यंत कुणीच सांगितलं नव्हतं. शरीरातली पेशी वाटेल तेव्हा एकाची दोन होत नाही. गरज आहे का, जागा आहे का, आतल्या माहितीची नक्कल बिनचूक उतरली का, हे तपासल्यावरच ती दुभंगते. जखम भरत आली की पेशी एकमेकींना टेकतात आणि थांबतात. नक्कल बिघडली तर पेशी ती दुरुस्त करते, नाहीतर स्वतःच मरते. कॅन्सरमध्ये हे ब्रेक निकामी होतात.

चाचांनी कापूस दाबल्यासारखी मूठ हलवली. "आमी खोळ भरली की हात थांबवतो. म्हंजे खोळ उसवली तरी हात भरतोयच, असं?"

"असंच."

हात थांबतोय की नाही हे मायक्रोस्कोपखाली कळतं. दुभंगत असलेल्या पेशी मोजतात. त्यासाठी गाठ काढल्याबरोबर फॉर्मॅलिनमध्ये बुडवावी लागते. मग पेशी आहे त्या क्षणी थिजते. नाहीतर आपल्याच रसांनी विरघळायला लागते.

आमचे पॅथॉलॉजिस्ट सर बाहेर आले, ऐकलं आणि मान हलवली. "इतक्या दिवसांनी उकरून काही मिळणार नाही."

मला एक शंका आली. "चाचा, बाटली उघडली तेव्हा डोळ्यांत झोंबलं का?"

"न्हाई. साधं पाणी हुतं."

"वास?"

"कशाचाच न्हाई."

फॉर्मॅलिन झोंबतंच. म्हणजे दवाखान्यानं गाठ सलाईनमध्ये, नुसत्या मिठाच्या पाण्यात टाकली होती. ऑपरेशन शनिवारी संध्याकाळचं, रविवारी लॅब बंद. चाचांनी बाटली इमानानं आणली असती, तरी सोमवारी आमच्या हातात नासका गोळाच आला असता.

मी त्या डॉक्टरांना फोन लावला.

"फॉर्मॅलिन संपलं होतं," ते म्हणाले. "आणि पेशंटच अडाणी. पुरून टाकतात, त्याला आम्ही काय करणार?"

"बाटली कुठं न्यायची ते सांगितलं होतं का?"

फोन कट.

मी सरांना म्हणाले, लेखी तक्रार करू.

"त्यांची सगळी सँपल आपल्याकडं येतात. कुणाकुणाशी भांडशील?"

"ह्यांच्याशी तरी."

"काम कर."

मी काम केलं. तक्रार अजून माझ्या मोबाइलमध्ये ड्राफ्ट म्हणून पडून आहे.

सरांनी शबानाला सांगलीच्या मोठ्या डॉक्टरांकडं पाठवलं. तपासण्या झाल्या. गाठीच्या जागी उरलेलं काही दिसलं नाही. गाठ कुठल्या जातीची होती हेच ठाऊक नाही, मग औषध कशावर द्यायचं? "लक्ष ठेवा" म्हणाले. सहा-सात महिन्यांनी काखेत गाठ आली.

ह्या खेपेला तुकडा साताऱ्यात काढला. बाटली चाचाच घेऊन आले. वाटेत त्यांनी झाकण उघडून पाहिलं होतं. डोळे लाल, गालावरून पाणी वाहतंय.

"झोंबतंय, ताई. लय झोंबतंय."

त्यांना ती चांगली खबर वाटत होती.

सर मोजत होते, मी लिहून घेत होते. आकडा चढतच गेला. ब्रेक कुठंच लागलेला नव्हता.

शबाना आता केमोसाठी सांगलीला जाते. आजार पसरलाय. रुमालाचा विनोद तिनं परत केला नाही.

तुमच्या माणसाच्या अंगातून काही काढलं, तर बाटली हातात घेतानाच विचारा, ह्यात फॉर्मॅलिन आहे का, आणि ही कुठं द्यायची. उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका. अडाणी म्हणतील. म्हणू द्या. न विचारणाऱ्यालाही तेच म्हणतात.