कहकशां मॅडमचा फोन

कहकशांला इंग्रजी मी शिकवलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण औशात आता ते कुणाला आठवत नाही. बांगडीवाल्या खाजामियाँची ही पोरगी आठवीत माझ्या वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची. आज ती आमच्याच शाळेत, माझ्या शेजारच्या वर्गात इंग्रजी शिकवते आणि माझी पोरं खिडकीतून माना वाकड्या करून तिकडे बघतात. माझा जळफळाट होतो. खोटं कशाला बोलू?

सव्वीस वर्षं झाली मला शिकवायला लागून. धडा वाचायचा, ओळीओळीचा मराठीत अर्थ सांगायचा, प्रश्नोत्तरं फळ्यावर. दहावीचा निकाल कधी खाली आला नाही. हिचं मात्र सगळं उफराटं. हिने बटणांचे दोन साधे फोन आणलेत. एक वर्गात टेबलावर, दुसरा हिच्याजवळ. ही व्हरांड्याच्या टोकाला जाऊन रिंग देते. आत एकेकाने उठून फोन घ्यायचा आणि इंग्रजीत बोलायचं.

"मास्तरचं तोंड दिसलं की पोरं घाबरतात, सर," मला म्हणाली. कुणी चुकलं तरी हसायचं नाही, हा एकच नियम. आणि चुकतात बरं का, धडधडीत चुकतात! पण बोलतात.

लातूरला दरवर्षी जिल्ह्यातल्या शिक्षकांसमोर नमुना पाठ द्यायचा असतो. आमच्या शाळेतून अकरा वर्षं मीच जातोय. यंदा मुख्याध्यापक सिद्धराम सरांनी तिला आत बोलावलं, तेव्हाच मी काय ते समजलो. घाईत ती आपला फोन स्टाफरूमच्या टेबलावर विसरून गेली.

म्हटलं, बघूच. पोरांनी सगळं पाठ केलं असणार. वेगळं काही विचारलं की उघडे पडतील, आणि मग मी सिद्धराम सरांना जाऊन तसं सांगेन. दार लोटून घेतलं आणि रिंग दिली.

"हॅलो, पुनम स्पीकिंग. हू आर यू?"

सटवाजीची पुनम. गेल्या वर्षी माझ्या तासाला वर मानसुद्धा करत नव्हती. मी प्रश्न तयार ठेवला होता, पण तोंडातून नुसतं "आय... आय..." निघालं. सव्वीस वर्षांत इंग्रजीतून मला कुणी काही विचारलंच नव्हतं.

तिकडे पुनम वर्गाला सांगत होती, "मॅडम न्हाईत गं. कुणीतरी नवीन हाय, लई घाबरून राहिलंय." मग फोनवर, अगदी समजुतीने म्हणाली, "डोन्ट फिअर. स्पीक स्लोली. नोबडी विल लाफ."

मी फोन ठेवून वळलो. दारात कहकशां उभी होती. त्या फोनचा आवाज मोठा, तिने सगळं ऐकलं होतं.

आठवीत ती एकदाच वर्गात उठून इंग्रजीत बोलली होती. "माय फादर इज बँगल," असं काहीतरी. सगळा वर्ग हसला होता. सगळ्यांत आधी मी हसलो होतो.

"सर, लातूरला फोनच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी लागतंय," ती म्हणाली. "तुम्ही येता का?"

ती हसली नाही. हसली असती, तर मला तिच्यावर रागावता तरी आलं असतं.