गाडी कुठे लावली ते विसरणारी माणसं

सिनेमा सुटायच्या वेळेला भाकरे काका हॉलमध्ये कधीच नसायचे. ते पार्किंगच्या फाटकापाशी पाठीमागे हात बांधून उभे असायचे. बाहेर आलेला एखादा माणूस दोन रांगा उगाच हिंडला, दुसऱ्याच्याच स्कूटरला किल्ली लावून पाहू लागला, की काकांचा चेहरा फुलायचा. "भैया, गाड़ी कहाँ लगाई?" असं ते मुद्दाम विचारायचे. तो डोकं खाजवत हसला की लगेच ऑफिसला फोन. "सेठ, पिच्चर चालते. लोकाइले गाडी सापडून नाही राहिली."

रायपूरच्या सदर बाजारात एका सराफाच्या दुकानावर आमचं सिनेमा वितरणाचं ऑफिस आहे. आपला सिनेमा कुठे कसा चाललाय हे थिएटरांत जाऊन पाहून यायचं, हे काकांचं काम. माणूस मूळचा यवतमाळकडचा, वडिलांच्या रेल्वेच्या नोकरीपायी इथेच वाढलेला. मी नागपूरहून एमबीए करून आलेली. आगाऊ बुकिंग, ट्रेलर किती जणांनी पाहिला, सगळं मांडून मी सेठजींसमोर लॅपटॉप उघडायची. ते मान हलवायचे आणि म्हणायचे, "बढ़िया है बेटा. अब ज़रा वसंत भैया से पूछ लो." वसंत भैया म्हणजे भाकरे काकाच. माझ्या अंगाची नुसती लाही व्हायची. सरळच सांगते, मी जळत होते त्या माणसावर. दहावी नापास माणूस, शर्टाच्या खिशात तंबाखूची डबी, आणि सेठजींच्या शेजारची खुर्ची त्याची!

बरं, माणूस वाईट असता तर राग तरी सुखाने केला असता. पण ते माझ्यासाठी गोल बाजारातून गरम आलुगुंडे, म्हणजे आपले बटाटेवडे, आणायचे. "खाय वं पोरी, त्या डब्ब्यात डोळे घालून घालून वाळून चालली तू." मी खायची, आणि खाता खाता मनात म्हणायची, एकदा तरी चुका हो काका.

ते चुकेनात. मग मीच त्यांना चुकवलं.

एका उडणाऱ्या हिरोच्या सिनेमाचा दुसरा भाग आला होता. पहिल्या भागाने आमच्याकडे धुमाकूळ घातला होता. बीरगांवच्या हॉलवर कारखान्यातली माणसं पाळी सुटली की थेट रांगेत लागायची. दुसऱ्या भागाचा शुक्रवार सगळीकडे हाऊसफुल्ल. सेठजींना शनिवारी दुपारपर्यंत एकच ठरवायचं होतं, दुसऱ्या आठवड्यासाठीही सगळी थिएटरं बांधून घ्यायची का. त्यासाठी बरा चाललेला एक छत्तीसगढी सिनेमा उतरवावा लागणार होता. माझा लॅपटॉप म्हणत होता, घ्या.

सेठजींचा फोन बिझी लागत होता म्हणून काकांनी बीरगांवहून मला फोन केला. "पोरी, सेठले सांग, दुसऱ्या हप्त्याचं काही करू नका म्हणा. हॉल भरला होता, पन सुटल्यावर सगळे सरळ आपापल्या गाडीपाशी गेले. एक मानूस चुकला नाही."

"हव काका, सांगते," मी म्हटलं आणि फोन ठेवला. सेठजी समोरच बसले होते. त्यांनी विचारलं, "वसंत भैया का फोन था? क्या बोले?"

"कुछ नहीं. हाउसफुल बोल रहे थे."

खोटं नव्हतं ना ते! असं मी स्वतःला कितीदा सांगितलंय.

सेठजींनी दुसऱ्या आठवड्यासाठीही सगळी थिएटरं बांधून घेतली. सोमवारी हॉल ओस पडले. पुढचा आठवडाभर रिकाम्या खुर्च्यांसमोर तो हिरो उडत राहिला. सेठजींनी काकांना बोलावलं. "भैया, आप तो बीरगांव में खड़े थे. आपको भी नहीं दिखा?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. मग ते म्हणाले, "या टायमाले मले नाही समजलं सेठ. आता डोळ्याइनं कमी दिसते."

त्या दिवसानंतर सेठजींनी त्यांना विचारणं सोडलं. शेजारची खुर्ची मला मिळाली. काका कोपऱ्यात पोस्टरांचे गठ्ठे मोजू लागले. एकदा दोघेच असताना मी विचारलं, "काका, काहून नाही सांगितलं तुम्ही?"

"तुले अजून लय नोकरी करा लागते. मायं काय, झालं आता." मग माझी चूक जणू शाळेतल्या गणितातली असावी तसं समजावू लागले. "पाय, पहिल्या भागात त्याले स्वतःलेच माहीत नव्हतं, आपन उडू शकतो का नाही. लोकाइच्या पोटात गोळा होता. आता सगळ्याइले माहीत आहे, हा काही पडत नाही. धास्तीच नाही, तर गाडी ध्यानात राहतेच न मंग!"

पुढच्या बैठकीत हे सगळं मी चांगल्या हिंदीत, माझं म्हणून सांगितलं. सेठजी म्हणाले, "वाह!" कोपऱ्यात काका गठ्ठा बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही. शाबासकी माझी होती, पण शब्द त्यांचे होते. मला पुन्हा त्यांचाच हेवा वाटला.

दोन वर्षांनी, साध्या तापाचं निमित्त होऊन ते गेले. तेरवीला मी गेले. सदर बाजारामागच्या त्यांच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. थिएटरांचे मालक, डोअरकीपर, स्टँडवाले, सगळे पंगतीला. माझ्यासाठी यातले किती येतील, हा विचार तिथेही आलाच. लाज नाही मला.

निघताना काकूंनी हात धरला. "तूच का वं ती कम्प्युटरवाली? लय नाव घेत तुयं. म्हनत, ती पोट्टी खुर्चीत बसून साऱ्या गावचे हॉल पायते, मले उन्हात उभं राहा लागते. जळत तुयावर, खरं सांगतो. शिकाचं होतं त्याइले तुयाकडून. पन विचाराले लाजत."

मी त्यांना वाकून नमस्कार केला. बाहेर आले. दुपारचं ऊन, गल्लीभर स्कूटरी. मी एक रांग पाहिली, दुसरी पाहिली, पुन्हा पहिलीकडे आले. पानठेल्यावरचा माणूस माझ्याकडे बघत होता.

"दीदी, गाड़ी कहाँ लगाई?" त्याने विचारलं.

मी हातात किल्ली घेऊन उभी होते.