काळ्या दोऱ्याची बाटली

प्रयोगशाळेत बाटल्या धुणाऱ्या बाईंना सगळे दोरेवाल्या मावशी म्हणत. इंग्रजी अक्षरांशी त्यांचं कधी जमलं नाही. म्हणून भरलेली बाटली हातात आली की विचारायचं, "ही कोण?" आणि तिच्या गळ्यात रंगीत दोरा बांधायचा. एकतीस वर्षं हेच. लोक हसत, मावशी गाठ मारत.

यीस्टवर काम करणाऱ्या पोरीनं त्यांना एकदा समजावलं होतं. पेशीला दोन व्हायचं असलं की आत दोन टोकांकडून बारीक धागे निघतात. काही प्रथिनं ते धागे मधोमध धरून दोन्ही टोकांना एकमेकांपासून लांब रेटतात.

"म्हणजे दोन जावांना लांब ठेवणारी सासू," मावशी म्हणाल्या. "आणि ती नसली तर?"

"टोकं एकमेकांवर कोसळतात. पेशीच्या दोन पेशी होतच नाहीत."

"आमच्याकडे उलट. सासूबाई गेल्या आणि घराची दोन झाली."

पोरीकडे दोन बाटल्या होत्या. एकीत धडधाकट यीस्ट, दुसरीत लंगडं. लंगड्याचं ते प्रथिन उबेत बिघडायचं. दोन्ही बाटल्या रात्रभर उबदार कपाटात ठेवल्या. सकाळी धडधाकट वाढून गढूळ व्हायला हवी, लंगडी नितळ राहायला हवी. झालं उलटंच.

"मावशी, तुम्ही बाटल्या बदलल्यात! सरांना सांगितलंय मी. उद्यापासून तुम्हाला जिने पुसायला लावणार आहेत."

मावशींनी हात पुसले. नितळ बाटली उचलून तिच्यापुढे धरली. गळ्यात काळा दोरा होता.

"काल 'ही लंगडी' म्हणालीस, तेव्हा बांधला. मग तू स्पिरिटच्या ओल्या हातानं बाटल्या धरल्यास. वरची शाईची अक्षरं पुसली गेली. तू आठवून परत लिहिलीस."

"मग तेव्हाच बोलायचं ना!"

"काय लिहिलंस ते मला कुठं कळतंय?"

पोरीनं काळ्या दोऱ्याच्या बाटलीतला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. प्रत्येक पेशीला मोठा कोंब फुटलेला, पण दोन झालेली एकही नाही. आत रंगानं चमकणारी दोन्ही टोकं एकमेकांना चिकटून बसलेली. ती बराच वेळ डोळा लावून होती. उठली ती कानापर्यंत लाल.

सर आले तेव्हा तीच पुढं झाली. "सर, चूक माझी. मावशींची नाही."

"मग जिने कोण पुसणार?" सरांनी विचारलं.

"रोज पुसतो तो."

सरांनी मान डोलावली आणि ते सूक्ष्मदर्शकाकडे वळले. मावशी नळाकडे गेल्या. थोड्या वेळानं पोर मागं येऊन उभी राहिली.

"मावशी, काळा दोरा आहे अजून?"

"आहे. पण गाठ मी मारणार."