सुरीची धार, बकऱ्याच्या नकळत

गेल्या बकरी ईदच्या आदल्या दिवशी एका सुरीला धार लावायला मला सकाळचे दहा ते दुपारचे दोन लागले.

आमच्याकडे कुर्बानी अब्बा स्वतःच्या हाताने करतात. त्या वर्षी त्यांचा हात थरथरायला लागला. "तू कर," ते म्हणाले. मी चाळिशीचा, दोन मुलींचा बाप, आणि आजवर टोमॅटोपलीकडे काही कापलेलं नव्हतं!

"सुरी अशी तेज हवी की बकऱ्याला कळूही नये," अब्बांनी बजावलं. "आणि धार त्याच्यासमोर लावायची नाही. मरणाआधी त्याला भीती दाखवणं हा गुन्हा आहे."

सोपं होतं. अडचण एवढीच की चार दिवस त्याला पाला मीच भरवत होतो आणि आता तो मला सोडायला तयार नव्हता. मी मोरीत, तर तो दाराशी. मी गच्चीवर, तर तो जिन्यात. (धापा मला लागत होत्या.) बांधून ठेवला तर त्याने असा टाहो फोडला की बायको म्हणाली, "अहो, जाऊन बसा त्याच्याजवळ! अख्खी खडकी गोळा होईल!"

शेवटी सुरी पिशवीत घालून मी खालच्या मजल्यावर जोशीकाकांकडे गेलो. ते अब्बांचे दारूगोळा कारखान्यातले जुने सोबती. घरात अंडंसुद्धा वर्ज्य.

"काका, तुमच्या गॅलरीत जरा सुरीला धार लावू? बकऱ्याला दिसायला नको."

काकांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "म्हणजे त्याला दिसायला नको, आम्हाला दिसलं तरी चालेल!"

तरी त्यांनी गॅलरीचं दार उघडलं. मी दगडावर पहिला हात फिरवतो तोच काकूंची हाक आली, "अहो, यांचे पाहुणे आलेत!" तुटकं दावं गळ्यात घेऊन, पुढचे पाय चौकटीला टेकवून बकरा त्यांच्या दारावरचं आंब्याच्या पानांचं तोरण खात होता! मी सुरी झटकन पाठीमागे लपवली आणि स्वतःचा शर्ट फाडून घेतला.

बकऱ्याला शोधत अब्बाही खाली आले. काकांनी विचारलंच, "एवढी माया आहे, तर मारता कशाला?"

"जीव आपला नाही, जोशी," अब्बा हळूच म्हणाले. "ज्याने दिला, त्याचं नाव घेऊन, त्याच्या परवानगीने घ्यायचा. आणि परवानगी देणाराच रहमान आहे, दयाळू आहे. मग आपला हात निर्दय कसा चालेल?"

काकांनी उरलेलं तोरण उतरवलं आणि एकेक पान बकऱ्याला भरवू लागले. मी गॅलरीत धार लावत होतो आणि माझे डोळे भरून येत होते. इतका मोठा देव मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता.

ईदच्या सकाळी, नेमून दिलेल्या जागी, अब्बांनी बकऱ्याला पाणी पाजलं, कुरवाळत कुशीवर निजवलं. तो शांत पडून राहिला. मी सुरी उचलली आणि माझे गुडघेच दुमडले! मदतीला आलेल्या कसाई गफूरचाचांनी मला मागून धरून ठेवलं. अब्बांनी माझ्या हातावर आपला थरथरता हात ठेवला. दोन्ही हात मिळून एक स्थिर हात झाला. बिस्मिल्लाह म्हटलं, आणि क्षणात सगळं झालं. त्या क्षणी वाराही अदबीने थांबल्यासारखा वाटला.

गफूरचाचा अजून सगळ्यांना सांगतात, "इतकी वर्षं हेच काम करतोय, पण बकरा मोकळा सोडून कुर्बानी करणाऱ्यालाच धरून ठेवायची वेळ पहिल्यांदा आली!"