बॉल कोण धरणार?

कॉलेजच्या टीममागे दोन वर्षं फिरलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. रेनकोटच्या खिशात पार्किंगच्या जुन्या पावत्या सापडतात ना, तसे ते सापडत राहतात. माझ्या मैत्रिणी म्हणतात, "सांग ना गं, तू रागात सांगतेस तेव्हा फार मजा येते!" मजा? माझं डोकं फिरलेलं असतं आणि ह्यांना मजा येते. बरं, ऐका.

माझा मुलगा सुजात इथे कार्डिफला युनिव्हर्सिटीत शेवटच्या वर्षाला आहे आणि तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या टीमचा किकर आहे. हो, वेल्समध्ये, रग्बीच्या मैदानावर, रग्बीचेच खांब वापरून अमेरिकन फुटबॉल! हेल्मेट, खांद्याला पॅड, सगळं साग्रसंगीत. बाकीचे बॉल हातात घेऊन पळतात आणि एकमेकांवर आदळतात. किकरचं काम एकच. टीम पुढे सरकेनाशी झाली की आत यायचं, दोन खांबांच्या मधून बॉल मारायचा, तीन पॉइंट घ्यायचे आणि बाहेर जायचं.

पण त्या एका किकला तीन माणसं लागतात. एक जण वाकून पायांमधून बॉल मागे फेकतो. दुसरा गुडघ्यावर बसून तो झेलतो आणि जमिनीवर उभा धरतो. तिसरा मारतो. हे सगळं जेमतेम सव्वा सेकंदात. मारणारा आमच्याकडे होता. उरलेले दोघं एवढ्या मोठ्या टीममधून दोन वर्षांत मिळाले नाहीत.

* * *

पहिल्या प्रॅक्टिसला गॅरेथने, म्हणजे कोचने, विचारलं, "काय खेळतोस?" हा म्हणाला, "किकर." गॅरेथने हात लांब केला. "ओके, किकर्स ओव्हर देअर!"

ओव्हर देअर म्हणजे रिसायकलिंगच्या बिन्सपाशी. तिथे खांब नाहीत, रेघा नाहीत, दुसरा माणूस नाही. आणि "किकर्स" कसले, हा एकटाच तर होता!

तीन आठवडे झाल्यावर मी विचारलं, "कसं चाललंय रे?" सुजात ह्या देशात आला तेव्हा तीन वर्षांचा होता, त्यामुळे त्याचं मराठी त्याच्या मर्जीने चालतं. म्हणाला, "आई, हिरवा बिन जमते आता. ब्राऊन थोडा लांब आहे."

मी पोळी लाटत होते. लाटणं तसंच हातात राहिलं. पोरगं बिना तक्रार कचऱ्याच्या डब्यांवर नेम धरून शिकतंय आणि ह्या लोकांना त्याचं काही नाही!

* * *

बॉल धरायचं काम खरं तर क्वार्टरबॅकचं, म्हणजे टीमचा जो हिरो बॉल फेकतो त्याचं. सुजातने त्याला विचारलं. तो म्हणाला, "सॉरी मेट, मला माझी बोटं सांभाळावी लागतात." बोटं सांभाळतोय! त्या बोटांनी काय सतार वाजवायची होती?

मग सुजात माझ्याकडे आला. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. दिवसपाळी असो की रात्रपाळी, रक्ताचे नमुने हाताळते, माझा हात हलत नाही. म्हटलं, "चल, मी धरते." बॉल मागे फेकायला नवऱ्याला उभं केलं. मिलिंद आयटीत आहे, रीडिंग शहरातल्या ऑफिसचं काम आठवड्यातले तीन दिवस घरून करतो. पार्कात त्याला म्हटलं, "पाय फाकव आणि वाक." तो म्हणाला, "ऑफिसात दिवसभर वाकतोच. इथे निदान मोकळी हवा आहे!"

त्याचा पहिलाच बॉल माझ्या नाकावर आला. दुसरा मी झेलला, टेकवला, तर हा ओरडला, "आई, दोरी तिकडे! दोरी खांबाकडे बघला पाहिजे!" बॉलवर शिवणीची दोरी असते, ती पायाखाली आली की नेम चुकतो. मला काय माहीत! पण शिकले. बॉलच्या टोकावर एकच बोट, हलकं. सुजात धावत यायचा तेव्हा सुरुवातीला मी डोळे मिटून घ्यायचे. महिनाभराने मिटेनासे झाले.

एक दिवस कुत्रं फिरवणाऱ्या एक आजीबाई बराच वेळ बघत थांबल्या. शेवटी जवळ येऊन मला हळूच म्हणाल्या, "लव्ह, घरी सगळं ठीक आहे ना? तो तुझ्याकडे पाय उगारून का येतो?"

* * *

ह्या उद्योगातून पोरगा तयार झाला. पहिल्या वर्षी पंचवीस यार्डांवरून बॉल कार पार्कमध्ये जायचा. पुढच्या वर्षी चाळिसावरून खांबांच्या मधून जायला लागला, वारा असला तरी. आणि कार्डिफचा वारा म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यालाच कळतं.

एप्रिलमध्ये आम्ही बर्मिंगहॅमला बाबासाहेबांच्या जयंतीला गेलो होतो. तिथले वाघमारे सर म्हणजे सगळ्यांच्या घरच्या मुलांची खबर ठेवणारा माणूस. त्यांनी सुजातला माइकवर बोलावलं. "आपला मुलगा इथे अमेरिकन फुटबॉल खेळतो! बाळा, मॅच कधी आहे? आम्ही येणार." हा लाजून लाल झाला. "सर, पुढच्या संडेला. सीझनची लास्ट."

आणि आले की हो! मिनीबस करून नऊ जण, एवढ्या लांबून. डब्यात पुऱ्या, बटाट्याची भाजी, थर्मासमध्ये चहा. जयभीम करून ओळीने खुर्च्या मांडून बसले. थंडीने कुडकुडत होते, पण बसले.

त्या मॅचमध्ये चार वेळा अशी वेळ आली की किकरला आत पाठवायचं. चारही वेळा गॅरेथ ओरडला, "गो फॉर इट!" म्हणजे किक नको, पळा. आणि चारही वेळा तीच धडपडणारी पोरं पुन्हा पळाली आणि आडवी झाली. सुजात हेल्मेट घालून रेघेवर उभा. प्रत्येक वेळी पट्टा लावायचा, प्रत्येक वेळी काढायचा. आम्ही दोन पॉइंटांनी हरलो. किक तीनची असते! दुसरीतल्या पोराला कळेल हे गणित!

वाघमारे सरांनी थर्मासचं झाकण लावलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, आम्ही चुकीच्या दिवशी आलो का?"

काय सांगू त्यांना? मला रडू आलं, ते रागाचं होतं. मिलिंदने बळेबळे मला डबे गोळा करायला लावले.

* * *

डबे गाडीच्या डिकीत टाकले आणि थेट गॅरेथकडे गेले. मिलिंद मागून "अगं, जाऊ दे" म्हणत होता. जाऊ दे म्हणे! जाऊ देता देताच ही वेळ आली.

गॅरेथ गोड बोलतो, तोच त्याचा प्रॉब्लेम आहे. म्हणाला, "मिसेस आर," आमचं रामटेके त्यांना कुणालाच म्हणता येत नाही, "ह्या लेव्हलला किकिंग ही लक्झरी आहे. टीमचा त्याच्यावर विश्वास बसायला हवा."

"एकदाही मारू दिलं नाहीस, तर विश्वास कशावर बसणार? माशी आहे का ती, आपोआप येऊन बसायला?"

"हे बघा, पर्सनली घेऊ नका."

मी म्हटलं, "नऊ महिने पोटात वागवलं त्याला. ते काय ऑफिशियली?"

मागे टीमचा कॅप्टन रीस उभा होता, दाराएवढा रुंद पोरगा. तो फिदीफिदी हसला. भैताड कुठला!

* * *

ह्याच रीसने जूनमध्ये पार्कातला आमचा फोटो काढला. मी चिखलात गुडघा टेकून बॉल धरलेला, मिलिंद वाकलेला, सुजात पळत येतोय. टीमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "ममीज बॉय." पस्तीस जणांनी हसण्याच्या इमोजी टाकल्या. पस्तीस! बॉल धरायला एक नाही, हसायला पस्तीस!

त्या रविवारी सुजात म्हणाला, "आई, तू नको येऊ."

लागलं मला. खोटं कशाला बोलू? मी म्हटलं, "बरं," आणि आदळआपट करत बाथरूम धुवायला घेतलं. एक रविवार गेला, दुसरा गेला. बॉल जिन्याखाली पडून होता. आता त्याचं एकच वर्ष उरलं होतं. नव्या सीझनला जागा मिळाली नाही तर दोन वर्षं मारलेल्या सगळ्या किक आम्ही तिघांनी आणि त्या आजीबाईंनीच बघितल्या असं होणार होतं. मला ते गिळवत नव्हतं.

तिसऱ्या रविवारी तो बूट घालून दारात उभा. "आई, चल. त्यांना फोटो आवडते ना? मग चांगला काढू दे."

* * *

आणि आता परवाची गोष्ट. नव्या सीझनची टीम ठरायची होती. गॅरेथने कुठूनसा रग्बीचा एक पोरगा आणला, ऑली. उंच, देखणा, किकचा पक्का. किकरची जागा एक, उमेदवार दोन. आधी बॉल स्टँडवर ठेवून पाच-पाच किक. ऑलीने पाचही मारल्या. सुजातनेही पाचही मारल्या. मी रेघेबाहेर उभी, नखं खात.

मग गॅरेथ म्हणाला, "आता खरी. समोरून माणसं धावून येणार." बॉल मागे फेकायला एकाला उभं केलं, धरायला तोच बोटं सांभाळणारा क्वार्टरबॅक बसला. ऑलीच्या वेळी बॉल धरणाऱ्याच्या हातातून सटकला, तोवर समोरचे अंगावर आले. सगळ्यांचा ढीग झाला. सुजातची पाळी आली. त्याने हेल्मेट काढलं.

"ह्याच्याबरोबर नाही मारणार."

"मग कोण हवंय तुला?" गॅरेथ वैतागला.

"माय मम."

अख्खं मैदान हसलं. गॅरेथ म्हणाला, "तिला आत घेता येणार नाही, इन्शुरन्सचा प्रश्न आहे. आणि धरणारा नसेल तर मी ऑलीचं नाव लिहितो."

माझं पोर कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "दोन वर्षं मी प्रत्येकाला विचारलं. प्रत्येकाला, नाव घेऊन. कुणी आलं नाही. ती नाइट ड्यूटी करून आली, पावसात आली. तुम्ही फोटो काढला."

गॅरेथने घड्याळ बघितलं. "दहा मिनिटं. दहा मिनिटांत कुणी धरणारा मिळाला तर एक किक देतो. नाहीतर विषय संपला."

बोटं सांभाळणारा बुटाची लेस बांधायला लागला. कुणी पाण्याची बाटली उघडली. माझ्या ओठांवर शुद्ध नागपुरी शिव्या आल्या होत्या आणि मी त्या देणारच होते.

तेवढ्यात रीस माझ्याकडे चालत आला. ग्लोव्ह्ज काढले, हेल्मेट गवतावर ठेवलं. मान खाली. एवढा मोठा पोरगा, कानापर्यंत लाल झालेला. "मिसेस आर, मला शिकवाल?" म्हणाला आणि माझ्यासमोर चिखलात धपकन दोन्ही गुडघ्यांवर बसला.

मी बॉल त्याच्या हातात दिला. म्हटलं, "एकच गुडघा टेकव! माफी नंतर माग!"