ओल्या जाकिटाचा वास

आषाढात आमच्या घराला एक वास असे. दिवेलागणीच्या सुमारास, देवापुढच्या उदबत्तीच्या मागोमाग तो सोप्यातून आत यायचा. भिजलेल्या कातड्याचा, पेट्रोलचा आणि त्यांच्या तळाशी मुरलेल्या कोवळ्या घामाचा. तो आला की मी स्वयंपाकघरातूनच ओळखायचे, विनू कामावरून आला. विनू माझा एकुलता एक मुलगा. गोकुळ शिरगावला एका फौंड्रीत नोकरीला लागला आणि लगेच त्याने मोटारसायकलवर घालायला तपकिरी चामड्याचं जाकीट घेतलं. रेनकोट म्हाताऱ्यांनी घालायचा, हे त्याचं ठाम मत. पंचगंगा पात्राबाहेर पडली, बंधाऱ्यावर पाणी आलं, तरी हा पठ्ठ्या चामडं घालूनच चिंब होऊन यायचा आणि शहाबादी फरशीवर ओल्या पावलांची रांग उमटवत विचारायचा, "आई, काय केलंयस खायला?"

"आधी डोकं पूस," मी म्हणायचे, "मग खायचं बघू."

त्याला यथेच्छ बोलून झालं की ते जाकीट माझ्या ताब्यात यायचं. ओलं चामडं रुसलेल्या माणसासारखं असतं. त्याच्या फार मागे लागायचं नाही आणि त्याला एकटंही सोडायचं नाही. कोरड्या सुती फडक्याने पाणी नुसतं टिपायचं, घासायचं नाही. बाह्यांत वर्तमानपत्राचे बोळे सारायचे, रुंद पाठीच्या खुर्चीला ते पांघरायचं आणि पंख्याखाली ठेवून द्यायचं. शेगडीची ऊब दाखवायची नाही, की उन्हाची तिरीप. सकाळच्या करड्या, पावसाळी उजेडात खुर्चीवर कुणीतरी पाठमोरं बसल्याचा भास व्हायचा. तेव्हा मला या साऱ्या उस्तवारीचा कंटाळा यायचा, खरं सांगते. आज त्या कंटाळ्यासाठी जीव तुटतो.

मग विनू आयर्लंडला गेला. सामानाचं वजन जास्त झालं म्हणून जाकीट मागे राहिलं. पुढच्या खेपेला नेतो म्हणाला. ती खेप लांबत गेली आणि दर पावसाळ्यात माझी त्या जाकिटाशी झटापट सुरू झाली. आमच्याकडे पावसाने एकदा धरलं की भिंतींना ओल येते, मिठाला पाणी सुटतं आणि कपाटातल्या चामड्यावर पांढुरकी बुरशी उमटते. मी ती पुसायचे, जाकीट वाऱ्याला लावायचे, प्लास्टिकच्या पिशवीत न कोंबता जुन्या धोतराच्या तुकड्यात सैल गुंडाळून ठेवायचे. इथवर माझं बरोबर होतं. पण आमच्या ह्यांच्या कोल्हापुरी चपलांना पावसाळ्याआधी एरंडेल चोळून त्या माळ्यावर ठेवायची घरची रीत. चामडं ते चामडं, म्हणून मी जाकिटालाही एरंडेल पाजलं. वाटीभर तेल घेऊन, पदर खोचून, शिवणीशिवणीतून बोटं फिरवत. ते मऊ कातडं तेल पिऊन काळवंडलं, जड झालं, चिकट झालं. हे म्हणाले, "आता त्याच्या चपलाच करून घे." पण मी दर वर्षी तेल लावायचं थांबवलं नाही. भेगा पडल्या तर पोरगा आल्यावर काय घालेल, ही एकच धास्ती.

गेल्या श्रावणात तो आला. अंगात हलकंफुलकं, एकदा झटकलं की कोरडं होणारं जर्किन. मी जाकीट त्याच्यापुढे धरलं. माझं मन राखायला त्याने ते घालून पाहिलं. खांदे अडले, चेन पोटाशी येऊन थांबली आणि त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर तेलाचा डाग उमटला. तो हसला.

"आई, हे अजून ठेवलंयस व्हय? देऊन टाक की कुणालातरी."

त्यात तुसडेपणा नव्हता. उलट माया होती, आणि तीच मला जास्त लागली. इतकी वर्षं मी चामडं जपलं. त्या मापाचा मुलगा मात्र दूर कुठल्यातरी गावी केव्हाच मोठा होऊन गेला होता, आणि आता आलेल्या या भल्या, पोक्त माणसाला घालायला माझ्याकडे काही नव्हतं.

तो परत गेला, त्यानंतरची एक संध्याकाळ. दूध आणायला निघाले तर छत्रीची काडी मोडलेली, बाहेर तिरपी झड. जाकीट खुर्चीवरच पडून होतं. कुणाला द्यायचं ते माझं ठरत नव्हतं. साडीवरूनच अंगात चढवलं. मला ते ऐसपैस झालं. कोपऱ्यावरच्या गवळ्याने म्हशीची धार काढता काढता वर पाहिलं.

"काय ओ बाई, बुलेट कुठं लावलीसा?"

"पंक्चर हाय. दूध घाला," मी म्हटलं.

परतताना पावसाने चांगलंच गाठलं. ज्या पाण्यापासून मी त्याला इतकी वर्षं लपवलं, ते त्याच्या खांद्यांवरून, बाह्यांवरून निथळू लागलं, आणि माझ्या अंगाच्या उबेने आतून वास वर आला. मी रस्त्यातच थांबले. पेट्रोल, घाम, दिवेलागणीची ती हाक, यातलं काहीतरी येईल म्हणून. नाही आलं. आला तो एरंडेलाचा वास. न्हाणीत लांब केलेल्या पायांवर निजवलेलं बाळ, त्याची टाळू भरताना बोटांखाली उडणारी ती मऊ, इवलीशी जागा; तोच वास, तोच चिकटपणा, तेच माझे हात. इतके पावसाळे मी जाकिटाला तेल पाजत नव्हतेच मुळी. मोटारसायकलवरच्या मुलाची वाट पाहते आहे असं समजत होते. माझं वाट पाहणं त्याहून फार जुनं निघालं.

घरी आले. फडक्याने पाणी टिपलं, बाह्यांत कागद सारले, खुर्ची पंख्याखाली ओढली. तेवढ्यात विनूचा फोन आला. तिकडे दुपार होती, आणि पाऊस त्याच्याकडेही होताच.

"भिजलीस का?" त्याने विचारलं.

"भिजले. तुझं जाकीट घालून."



"बाह्यांत कागद घातलेस?"

"घातले. आता परत एकदा पुसते आहे."

"ते राहू दे, आई," तो म्हणाला. "आधी डोकं पूस."